डकाराखालचे टिंब

दिव्याहून पनवेलकडे जाणाऱ्या लोहमार्गावर तळोजे पांचनंद आणि कळंबोली यांच्या मध्ये नावडे रोड नावाचे एक लहानसे स्थानक आहे. त्याच्या फलकावर गावाचे नाव नागरीत लिहिलेले आहे आणि रोमन लिपीतही लिहिलेले आहे. पहिले वाचताना कोणाही मराठी मुलाची जीभ अडखळत नाही, परंतु दुसरे वाचून एखाद्या परप्रांतीय प्रवाशाने 'नवदे', 'नावदे', 'नवडे' किंवा 'नॅवेड' असे काहीही म्हटले, तर त्याला चूक ठरविण्याचा अधिकार त्या रोमन अक्षरांनी आपल्या हाती ठेवलेला नाही. गावाचे नावच नावडे, तेव्हा परक्या लिपीलाही ते आवडले नसावे, अशी कोटी करून हा विषय सोडून देता येईल. पण त्या कोटीत गोष्टीचा निम्मा भागही येत नाही. कारण या गावाच्या नावात जो डकार आहे, तो दकाराहून वेगळा दाखविण्याचे उपाय रोमन लिपीत गेल्या चारशे वर्षांत एकदा नव्हे, अनेकदा योजिले गेले: कधी अक्षराची द्विरुक्ती करून, कधी तिरपा ठसा वापरून, कधी अक्षराचे शेपूट वाकवून, आणि सर्वांत अधिक वेळा अक्षराच्या खाली एक टिंब देऊन. ते टिंब विद्वानांच्या ग्रंथांत रुजले, दूरच्या डोंगराळ मुलखातल्या मुलांच्या अंकलिपीतही जाऊन बसले. पनवेल तालुक्याच्या पाट्यांवर मात्र त्याला जागा मिळाली नाही. असे का व्हावे, हे पाहू गेल्यास दोष लिपीच्या पदरात कमी आणि दफ्तराच्या पदरात अधिक पडतो.

आपल्या वर्णमालेत जिभेचे टोक दातांना लागून होणारा दंत्य दकार आणि तेच टोक मागे वळून टाळूच्या वरच्या भागाला लागल्याने होणारा मूर्धन्य डकार हे दोन स्वतंत्र वर्ण आहेत. 'दाव' आणि 'डाव' यांत गल्लत झाली तर गोठ्यातले दावे आणि खेळातला डाव एक होतील. रोमन लिपी ज्या लॅटिन भाषेसाठी घडली, तिला हा भेद ठाऊकच नव्हता, म्हणून तिच्याजवळ या जागी एकच अक्षर. त्यातही युरोपातील सर्व लोक ते अक्षर सारख्या रीतीने उच्चारीत नाहीत. पोर्तुगिजांचा उच्चार दंत्य, म्हणून त्यांच्याकडून आलेल्या 'बादली'त आपण दकार आणि 'तुरुंगा'त तकार ठेवला ('बटाटा' हा ठळक अपवाद). इंग्रजांचा उच्चार दातांपासून दूर, म्हणून त्यांचा 'डॉक्टर' आणि त्यांचे 'टेबल' आपल्या कानाला मूर्धन्य वाटले. तात्पर्य, कोकणच्या किनाऱ्यावर एकामागून एक आलेल्या दोन युरोपीय सत्तांनी एकच अक्षर बरोबर आणले, पण त्यात ध्वनी मात्र दोन भरलेले होते.

ही अडचण ज्यांच्या लेखणीला प्रथम भिडली, ते गोव्यातील जेझुइट पाद्री होत. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज गृहस्थ १५७९ साली गोव्यात उतरला आणि पुढील चाळीस वर्षे, म्हणजे १६१९ मध्ये मरेपर्यंत, याच भूमीत राहिला. त्यातील बराच काळ गोव्याच्या साष्टी प्रांतात गेला. (ही साष्टी ठाण्याच्या साष्टीहून निराळी, दोहोंना पोर्तुगिजांनी जवळजवळ एकच रूप दिल्यामुळे जुने कागद वाचणाऱ्यांची आजही तारांबळ उडते.) त्याचे ख्रिस्तपुराण, सुमारे अकरा हजार ओव्यांचे मराठी महाकाव्य, १६१६ साली रायतूर येथे रोमन अक्षरांत छापले गेले, आणि १६४९ व १६५४ मध्ये ते पुन्हा मुद्रित झाले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज हाती येत नाही, हे आपल्या वाङ्मयाचे मोठे दुर्दैव; तथापि हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे सिद्ध केलेली रोमन आवृत्ती उपलब्ध आहे आणि शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये ते पुराण नागरीत आणले. लंडन येथील मार्सडेन संग्रहात त्याची एक नागरी पोथी सापडल्यावर जस्टिन ॲबट यांनी मूळ संहिता नागरीतच असावी असे प्रतिपादन केले, आणि त्यावर वाद झाला. परंतु छपाई रोमन लिपीत झाली याविषयी वाद नाही.

रोमन लिपी स्टीफन्सने आवडीने पत्करली होती असे मात्र समजू नये. १६०८ साली आपल्या संघाच्या प्रमुखास रोमला लिहिलेल्या पत्रात त्याने, मलबारात जसे देशी अक्षरांत ग्रंथ छापले जातात तसे येथेही छापावेत अशी आपली कित्येक वर्षांची इच्छा असल्याचे कळविले होते, आणि अडचणही सांगितली होती: रोमन लिपीला चोवीस साचे पुरतात, येथील लिपीला सुमारे सहाशे लागतील. सहाशे साचे कोरण्याचे कारागीर आणि द्रव्य दोन्ही नव्हते. म्हणून चोवीस अक्षरांतच मराठीचे सारे वर्ण बसविणे भाग पडले. त्या तडजोडीची रीत पाहण्याजोगी आहे. टकार, डकार, णकार आणि ळकार या मूर्धन्य वर्णांसाठी त्या त्या दंत्य अक्षराची द्विरुक्ती; महाप्राणासाठी पुढे 'एच'; शकारासाठी पोर्तुगीज वळणाचा 'एक्स'; ककारासाठी पुढच्या स्वराप्रमाणे कधी 'सी' तर कधी 'क्यू' आणि 'यू'ची जोडी. 'पुराण' या शब्दात 'एन' दोनदा आले की तो णकार समजावयाचा. युक्ती स्वस्त होती, कारण नवा खिळा ओतावा लागत नव्हता. पण तिच्यात एक भोक राहून गेले. 'गळी' मध्येही 'एल' दोनदा आणि 'गल्ली' मध्येही 'एल' दोनदा. खरे द्वित्व कोणते आणि मूर्धन्याचे कोणते, हे भाषा जाणणाऱ्यालाच कळावे. ज्याला भाषा येतेच त्याच्यापुरती ती लिपी पुरी होती, आणि पुराण ऐकावयास बसणारा श्रोता अक्षरे पाहणारच नव्हता.

एक खरोखरीचे सुधारलेले अक्षर मात्र या छपाईत होते, ते म्हणजे माथ्यावर नागमोडी रेघ घेतलेला स्वर. पोर्तुगीज भाषेत तिला 'तिल' म्हणतात. मध्ययुगातील युरोपीय लेखक चर्मपत्राची जागा वाचविण्यासाठी शब्दातला 'एन' गाळून त्याची छोटी आकृती मागील अक्षराच्या डोक्यावर चढवीत. तीच आकृती झिजत झिजत नागमोडी झाली आणि अनुनासिकाची खूण बनली. आपला अनुस्वारही डोक्यावरूनच नाकाचे काम करतो. पोर्तुगीज मुद्रकाच्या घरात ही खूण आधीच तयार असल्यामुळे कोकणी-मराठीच्या असंख्य सानुनासिक स्वरांची सोय आपोआप झाली; मूर्धन्यांसाठी त्याच्या घरात काही नव्हते, म्हणून त्यांची सोय झाली नाही. लिपीचे भवितव्य ध्वनिशास्त्र ठरवीत नाही, मुद्रकाच्या खणांत कोणते खिळे आहेत यावर ते ठरते, हे येथे प्रथम दिसून येते.

त्याच सुमारास त्याच संघाच्या लोकांनी दुसऱ्या एका देशात याच अक्षराचे काय केले, हे पाहिले म्हणजे आपल्या हातून काय निसटले याची कल्पना येते. आलेक्सांद्र द रोड हा जेझुइट १६१९ साली, म्हणजे स्टीफन्सचा अंत झाला त्याच वर्षी, गोव्यात उतरला, येथे काही काळ राहिला आणि पुढे व्हिएतनाममध्ये गेला. त्याच्या आधीच्या पोर्तुगीज पाद्र्यांनी सुरू केलेल्या कामावर उभारून त्याने १६५१ मध्ये रोम येथे व्हिएतनामी, पोर्तुगीज आणि लॅटिन असा त्रिभाषी कोश छापविला. व्हिएतनामी भाषेतही एका 'डी'ने भागत नव्हते. तेथे त्यांनी अक्षराची द्विरुक्ती न करता त्याच्या दांड्याला आडवी रेघ मारून एक नवे अक्षर घडविले, त्यासाठी खिळा पाडला आणि ते वर्णमालेत स्वतंत्र बसविले. विसाव्या शतकात तीच लिपी त्या राष्ट्राची लिपी झाली. अर्थात तेथील परिस्थिती निराळी होती; आपल्याकडे नागरी आणि मोडी या दोन समर्थ लिप्या लोकांच्या हातांत होत्या, आणि रोमन लिपीचा व्याप ख्रिस्ती समाजाबाहेर गेला नाही. गोव्यात तर १६८४ साली राजप्रतिनिधीने कोकणी भाषेच्याच उच्चाटनाचा हुकूम काढला. जिथे भाषाच नको झाली, तिथे तिच्या अक्षराखाली टिंब देण्याची चिंता कोण करणार?

नावड्याच्या अधिक जवळची हकीकत खाडीपलीकडची आहे. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगिजांकडे होती, आणि वसई-साष्टीच्या ख्रिस्ती समाजाची बोली ही उत्तर कोकणातील मराठीचीच एक शाखा. फ्रान्सिस्कु वाझ द गिमारायश या पाद्र्याचे ख्रिस्ताच्या दुःखभोगावरील पुराण या बोलीत रोमन अक्षरांनी १६५९ मध्ये छापले गेले आणि एकोणिसाव्या शतकातही मुंबईत त्याच्या आवृत्त्या निघत होत्या. सतराव्या शतकात एका अनाम पोर्तुगीज पाद्र्याने रचलेले 'उत्तरेकडील बोलीचे' व्याकरण जुआकिं कुन्या रिवारा यांनी १८५८ मध्ये गोव्यात प्रसिद्ध केले. स्टीफन्सचे कोकणी व्याकरणही, जे प्रथम १६४० मध्ये रायतुरास छापले होते, त्यांनीच आदल्या वर्षी पुनर्मुद्रित केले होते. पोर्तुगीज अधिकारी असूनही कोकणीचा कैवार घेणारा हा मनुष्य नसता, तर या साऱ्या खटाटोपाची आज कोणाला वार्ताही नसती.

या काळात पनवेलच्या बाजूला, आगरी-कोळ्यांच्या आणि कुणब्यांच्या गावांत, कारभार मोडीत चालत होता. मोडी ही घाईची लिपी. लेखणी न उचलता ओळ पुरी करावयाची, म्हणून तिने इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद सोडून दिला होता. परंतु 'मौजे नावडे, तालुके पनवेल' असे लिहिताना कोणाही कुळकर्ण्याने डकाराच्या जागी दकार घातला नसता. कारण वसुलाच्या कागदात गावाचे नाव बदलले तर वसूलही दुसऱ्याच गावाच्या नावे पडेल. स्वराची लांबी सोडली तरी चालेल, व्यंजनाचे स्थान सोडता येणार नाही, असा मोडीचा अलिखित दंडक होता, आणि माझ्या मते तो मराठीच्या प्रकृतीला धरूनच होता.

इंग्रजी अमदानीने नेमके उलट केले. प्रारंभीच्या कंपनी सरकारच्या कागदांत कानाला येईल तसे लिहिण्याची चाल होती; ठाणे त्यांत 'टॅना' होऊन बसले आणि पुण्याच्या उकारासाठी दोन 'ओ' आले. सर विल्यम जोन्सने कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेच्या पहिल्याच खंडात, १७८८ साली, आशियाई शब्द रोमन अक्षरांत शास्त्रशुद्ध कसे लिहावेत याविषयी प्रबंध छापला, आणि त्यात स्वरांवर खुणा देण्याचा मार्ग घातला. पुढे १८३४ च्या सुमारास चार्ल्स ट्रेव्हेल्यनने हिंदुस्थानातील सर्व भाषांना रोमन लिपीच द्यावी अशी मोहीम काढली. ती फसली, हे आपले सुदैव. अखेर विल्यम विल्सन हंटर यांनी १८७१ मध्ये सरकारच्या आज्ञेवरून विशेषनामांच्या लेखनाची जी मार्गदर्शिका सिद्ध केली, ती सरकारी रोमनलेखनाचा पाया ठरली. हंटरसाहेबांना विद्वत्ता कमी नव्हती. त्यांना टिंबे माहीत होती. परंतु तहसिलीतला कारकून, तारमास्तर आणि सामान्य छापखाना यांना झेपेल अशी पद्धती त्यांना हवी होती. म्हणून त्यांनी दीर्घ स्वरावर तिरकी मात्रा ठेवली आणि व्यंजनांखालची टिंबे काढून टाकली. शिवाय मुंबई, पुणे, कलकत्ता ही रूढीने पक्की झालेली नावे जशीच्या तशी ठेवली, म्हणजे मोठ्यांना माफी आणि लहानांना नियम.

याचा परिणाम जेम्स कॅम्बेल यांच्या संपादकत्वाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरात पाहावा. १८८२ साली ठाणे जिल्ह्याचा खंड निघाला, तेव्हा पनवेल तालुका ठाण्यातच होता. तो लगेच पुढे कुलाबा जिल्ह्याकडे गेला, आणि १९८१ मध्ये त्या जिल्ह्याचे नाव रायगड झाले. या खंडांत ठाणे, कुलाबा, नाशिक या नावांच्या आकारांवर ती तिरकी मात्रा ठळकपणे उभी आहे. पण ठाण्याचा ठकार आणि थळचा थकार यांत काडीचा फरक नाही, आणि थळचा ळकार तर साधा लकारच होऊन गेला आहे. नावड्याला या पद्धतीने पहिल्या स्वरावर मात्रा मिळते, डकाराखाली काहीच नाही. मोडीने जे सोडले होते ते हंटरने राखले, आणि मोडीने जे राखले होते ते हंटरने सोडले. पुढे छपाईची घाई वाढली तशा त्या मात्राही गळाल्या, आणि दोन्ही बाजूंनी नागवलेले नाव फलकावर आले.

इकडे सरकार टिंबे काढीत असताना तिकडे विद्वान ती बसवीत होते. बर्लिनच्या रिचर्ड लेप्सिउस यांनी १८५५ मध्ये जगातील सर्व अलिखित भाषांसाठी एक प्रमाण वर्णमाला सुचविली, तीत मूर्धन्यांसाठी अधोबिंदू होता. मॅक्सम्युल्लर यांना टिंबांचे वावडे. त्यांनी पौर्वात्य धर्मग्रंथांच्या मालेत मूर्धन्य अक्षर तिरप्या ठशात छापण्याची रीत पाडली, त्यामुळे एकाच शब्दात काही अक्षरे उभी आणि काही कलंडलेली असे विचित्र दृश्य त्या पन्नास खंडांत पानोपानी दिसते. शेवटी १८९४ मध्ये जिनीव्हा येथे भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेने टिंबांच्या बाजूने कौल दिला, आणि तेव्हापासून संस्कृत-पाली ग्रंथांचे रोमन मुद्रण त्या वळणाने चालू आहे. गोव्याच्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी अमेरिकेत हार्वर्ड येथे 'विसुद्धिमग्गा'च्या संपादनासाठी गेले, तेव्हा त्यांच्या हाताखालून गेलेली मुद्रिते याच टिंबांनी भरलेली होती. तो ग्रंथ त्या विद्यापीठाच्या मालेत १९५० मध्ये प्रसिद्ध झाला.

संस्कृतज्ञांच्या या व्यवस्थेत मराठीवर एक अन्याय राहून गेला, तो ळकाराचा. त्यांनी 'एल'खालचे टिंब ऌ या स्वरासाठी खर्ची घातले, जो स्वर सबंध संस्कृत वाङ्मयात एका धातूपुरता उरला आहे. आणि मराठी माणूस दिवसाकाठी शेकडो वेळा ज्या ळकाराचा उच्चार करतो, जो ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत आहे आणि पालीतही आहे, त्याला निराळी वाट शोधावी लागली. २००१ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने पंधरा हजार नऊशे एकोणीस क्रमांकाचे जे मानक काढले, त्यात ऌकाराला खाली वर्तुळ देऊन टिंब ळकाराला परत केले. न्याय उशिराने झाला, पण झाला.

सरकारचेच एक खाते मात्र टिंबांच्या बाजूचे निघाले. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या देखरेखीखाली झालेल्या भाषापाहणीचा मराठीविषयक सातवा खंड स्टेन कोनो यांनी सिद्ध केला आणि तो १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कोळी, आगरी, कुणबी, ठाकरी, कातोडी, वारली अशा कोकणपट्टीतील बोलींचे नमुने आहेत, आणि रोमन अक्षरांत लिहिताना मूर्धन्याखाली टिंब दिलेले आहे. म्हणजे ज्या वर्षांत महसूल खाते नावड्याचा डकार बोडका लिहीत होते, त्याच वर्षांत त्याच सरकारचे दुसरे खाते त्याच मुलखातल्या आगऱ्यांचे बोलणे टिंबांसह टिपून घेत होते! यातली खरी मौज अशी की आगरी बोलीत दोन स्वरांमध्ये सापडलेला डकार पुष्कळदा रकार होतो; घोड्याचा 'घोरा' आणि गाडीची 'गारी' होते, णकाराचा नकार आणि ळकाराचा लकार होतो. ज्या डकारासाठी मी येथे भांडत आहे, तो गावातल्या जुन्या माणसांच्या जिभेवर कितपत टिकतो हा प्रश्न त्यामुळे उभा राहतो. परंतु रकाराकडे झुकणारा तो वर्ण मूर्धन्यच आहे, आणि दकारापासून तो डकाराहूनही दूर आहे. तेव्हा बोलीचा पुरावा टिंबाच्या विरुद्ध जात नाही.

टिंबाच्या मार्गात धोंड घातली ती यंत्राने. खिळे जुळविणाऱ्या कंपोझिटरला टिंबाचे अक्षर वेगळ्या घरातून घ्यावे लागे, आणि ते घर साध्या इंग्रजी छापखान्यात नसेच. एखाद्या संस्कृत ग्रंथासाठी ते खिळे मुद्दाम मागवावे लागत. कचेरीतील टंकलेखन यंत्राची गत याहून वाईट. त्यावर टिंबाचे अक्षर काढावयाचे तर टंकलेखकाने प्रथम 'डी' मारावा, मग मागे सरकविण्याची कळ दाबून एक घर मागे यावे, रुळाची मूठ फिरवून कागद अर्धी ओळ वर घ्यावा, पूर्णविरामाची कळ हलक्या हाताने मारावी, आणि कागद पुन्हा पूर्वस्थितीस आणावा. एवढे करून टिंब बरोबर अक्षराच्या मध्याखाली पडेलच याची शाश्वती नाही. दिवसाला पन्नास पत्रे काढणारा मनुष्य हे करील अशी अपेक्षा करणे क्रूरपणाचे होईल. सुनीतिकुमार चॅटर्जी यांनी १९३५ मध्ये भारतीय भाषांसाठी रोमन वर्णमाला सुचविली, तेव्हा ही अडचण ओळखून खुणा अक्षराच्या वर-खाली न देता अक्षराच्या पुढे देण्याची योजना केली, ती याचसाठी. सुभाषचंद्र बोस यांनी १९३८ च्या हरिपुरा काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून रोमन लिपीचा पुरस्कार केला, तरी देशाने ती स्वीकारली नाही, आणि त्याबद्दल खेद करण्याचे कारण नाही.

गोव्यात मात्र रोमन लिपी ही सूचना नव्हती, हजारो घरांतील नित्याची गोष्ट होती. १८८९ मध्ये पुण्याहून 'उदेंतेचें साळक' हे पहिले कोकणी नियतकालिक काढणारे एदुआर्दु ब्रुनो द सौझा यांनी खुणांनी युक्त अशी सुधारित वर्णमाला पुढे आणली, आणि मोन्सिन्योर सेबाश्तियांव रुदोल्फु दाल्गादो यांनी १८९३ मध्ये मुंबईस छापलेल्या आपल्या कोकणी-पोर्तुगीज कोशात नागरी रूपाशेजारी शास्त्रशुद्ध रोमन रूप ठेवले. लोकांनी दोघांचाही आदर केला आणि दोघांच्याही खुणा बाजूला ठेवल्या. तियात्राच्या जाहिरातीत, प्रार्थनापुस्तकात आणि पत्रव्यवहारात स्टीफन्सच्या वेळची द्विरुक्तीच चालू राहिली. १९८७ च्या राजभाषा अधिनियमाने कोकणी म्हणजे नागरीतील कोकणी असे ठरविल्यावर रोमी लिपीचे अभिमानी दुखावले गेले, आणि दाल्गादो यांच्या नावाने त्यांनी अकादमी काढली. तो वाद आजही मिटलेला नाही. पर्वरीच्या थॉमस स्टीफन्स कोंकणी केंद्राने रोमी लेखनाचे नियम बांधून दिले आहेत, आणि त्यांतही मूर्धन्याची खूण द्विरुक्ती हीच आहे. जी खूण साध्या खिळ्यांनी निभते तीच टिकते.

मग टिंब टिकले कोठे? तर जेथे त्याला खूण न मानता अक्षर मानले, तेथे. मिझोरमात लॉरेन आणि सॅव्हिज हे दोन मिशनरी १८९४ च्या जानेवारीत पोचले आणि त्यांनी लुशाई, म्हणजे आजच्या मिझो, भाषेसाठी रोमन वर्णमाला बसविली. तीत पंचवीस अक्षरे आहेत. साधा 'टी' एकविसावा आणि टिंबाचा 'टी' बाविसावा. तेथले पोर शाळेत अक्षरे घोकताना दोन्ही ओळीने म्हणते. टिंब गाळले तर शिक्षक अक्षर चुकले म्हणतात. संताळीचा जो पाच खंडांचा कोश पी. ओ. बोडिंग यांनी १९२९ ते १९३६ या काळात प्रसिद्ध केला, तोही टिंबांच्या रोमन अक्षरांत आहे. आफ्रिकेत घाना आणि टोगो या देशांतील एवे भाषेत आपल्यासारखाच दकार-डकाराचा भेद आहे, आणि तेथे डकारासाठी शेपूट वाकविलेला 'डी' स्वतंत्र अक्षर म्हणून रूढ आहे. १९२६ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या आफ्रिकी भाषांच्या संस्थेने टिंबांऐवजी अशा नव्या आकृतीच पत्कराव्यात असा आग्रह धरला होता, कारण टिंब लिहिताना गळते, छापताना पुसट होते आणि वाचताना निसटते. या संस्थेचे म्हणणे खरे होते. आपल्या जिल्ह्याच्या दफ्तराने त्याचा पुरावाच दिला आहे.

नावड्याभोवतीचा मुलूख आता पूर्वीचा राहिलेला नाही. १९७० मध्ये सिडको आली, तळोज्याला औद्योगिक वसाहत उभी राहिली, भातखाचरांवर इमारती चढल्या, आणि २०१६ साली झालेल्या पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत हे गाव गेले. चारी दिशांनी आलेले लोक आता येथे राहतात, आणि त्यांतील पुष्कळांची गावाच्या नावाशी पहिली ओळख रोमन अक्षरांतूनच होते. कोठे त्यात 'व्ही' तर कोठे 'डब्ल्यू', कोठे मध्ये एक 'ए' अधिक तर कोठे उणा. टिंबाविरुद्धचे जुने आक्षेप मात्र आता उरलेले नाहीत. संयुक्त राष्ट्रसंघाच्या भौगोलिक नावांच्या परिषदेने १९७२ मध्येच भारतीय नावांसाठी खुणांसहित रोमन लेखनपद्धती मान्य केली आहे, जरी आपल्या कचेऱ्यांनी तिच्याकडे पाठ फिरविली असली तरी. आणि युनिकोडमध्ये टिंबाच्या 'डी'ला स्वतःचा क्रमांक आहे, त्यासाठी ना खिळा ओतावा लागतो ना रुळाची मूठ फिरवावी लागते. म्हणून रेल्वेच्या आणि महानगरपालिकेच्या अधिकाऱ्यांना एवढीच विनंती आहे की, नावड्याचा फलक पुढच्या खेपेस रंगास काढतील तेव्हा नागरी नाव आहे तसेच वर ठेवावे, आणि रोमन नावाच्या पहिल्या स्वरावर एक आडवी रेघ व 'डी'च्या खाली एक टिंब द्यावे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही आणि अंदाजपत्रकात तरतूदही लागत नाही.